पहिल्या दणक्याचं माहात्म्य

इंटरनेटच्या मुळाशी एक भिडस्त स्वभाव दडलेला आहे आणि तो घालवण्याचं थोर कार्य सध्या जगभर चालू आहे. कोल्हापूर यात मागे नाही, हे नमूद करताना ऊर भरून येतो.

भिडस्तपणा असा. तुम्ही मोबाईलवर एखाद्या लिंकवर बोट टेकवता. पलीकडचा सर्व्हर, मग तो मुंबईत असो की अमेरिकेत, सगळं पान एकदम पाठवून मोकळा होत नाही. तो आधी दहा पाकिटं पाठवतो. एकेका पाकिटात साधारण १,४६० बाइट, म्हणजे दहांत मिळून साडेचौदा हजारांच्या आसपास. मग थांबतो. तुमच्याकडून पोच आली की वीस पाठवतो, मग चाळीस, मग ऐंशी. वाटेत कुठं पाकीट गळालं की वरमतो आणि हात आखडता घेतो. या रीतीला ‘स्लो स्टार्ट’ म्हणतात आणि पहिल्या हप्त्याच्या आकड्याला सुरुवातीची खिडकी. मधल्या वाटेवर जागा किती आहे हे पाठवणाऱ्याला कुणी सांगत नाही, म्हणून तो बिचारा चाचपत जातो. ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ म्हणणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही.

आमच्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला साखर कारखान्यापलीकडे जावं लागत नाही. चिटबॉयनं चिठ्ठी दिल्याशिवाय तोड घ्यायची नाही. गाडी काट्यावर चढून वजन झालं, गव्हाणीत रिकामी झाली, की पुढची चिठ्ठी. गाळप जेवढं, तेवढ्याच खेपा वाटेवर. इंटरनेटवरची पोच म्हणजे ही काट्याची पावती: पलीकडं एक गाडी रिकामी झाली, आता नवी सोडायला हरकत नाही. पण हंगामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सगळा ऊस आडवा करून यार्डाकडे हाकला तर गाड्यांची रांग हमरस्त्यावर येते, ऊस वाळतो, वजन घटतं, आणि चूक अर्थातच कारखान्याची ठरते. माझा ऊस आधी गेला पाहिजे ही भावना कुणालाही वाईट म्हणता येणार नाही. ती एकाच वेळी सगळ्यांना होते, एवढाच काय तो तांत्रिक दोष.

या भावनेचा पहिला नोंदलेला विजय ऑक्टोबर १९८६ मधला, कॅलिफोर्नियातला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्ड. बिंदू चौकातून भवानी मंडपाकडे पायी निघावं इतपत. या दोघांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस बिट म्हणजे इंग्रजी पाच अक्षरं. दोन हजार अक्षरांचा एक कागद पोचायला जवळजवळ सात मिनिटं. तोच कागद खिशात घालून निघालेला माणूस वाटेत ओळखीच्याशी दोन मिनिटं बोलला असता तरी आधी पोचला असता.

त्या काळी सुरुवातीची खिडकी वगैरे लाजरेपणा नव्हता. समोरच्यानं ‘माझ्याकडे इतकी जागा आहे’ म्हटलं की तेवढा माल एका दमात सोडायचा. मधल्या तारेला विचारायचं काही कारण नव्हतं, ती काय घेणारीही नाही आणि देणारीही नाही. पाकिटांची पोच वेळेत आली नाही की प्रत्येक यंत्र तीच पाकिटं पुन्हा पाठवी. त्यांतली कित्येक हरवलेलीही नसत, नुसती रांगेत उभी असत. मग रांगेत त्यांच्या मागे त्यांच्याच प्रती येऊन उभ्या राहत. तार अखंड भरलेली, एकही यंत्र रिकामं बसलेलं नाही, सगळे घामाघूम, आणि पलीकडे पोचतंय सेकंदाला पाच अक्षरं. उद्योगशीलतेचा याहून शुद्ध नमुना माझ्या पाहण्यात नाही. असं होईल हे जॉन नेगल या अभियंत्यानं जानेवारी १९८४ मध्येच लिहून ठेवलं होतं. लिहून ठेवलेलं वाचायचं नसतं, ही समज तेव्हाही लोकांना होती.

हा सगळा रंग व्हॅन जेकबसन या गृहस्थांनी घालवला. माईक कॅरल्स यांना हाताशी धरून त्यांनी १९८८ मध्ये निबंध मांडला. जुनं पाकीट बाहेर पडल्याखेरीज नवं आत सोडायचं नाही, आणि सुरुवात फक्त एका पाकिटानं करायची. एक! मग दोन, चार, आठ. पुढच्याच वर्षी तो नियम होऊन बसला आणि इंटरनेट पुन्हा चालू लागलं. आज आपण जे काही वापरतो ते या एका संकोचावर उभं आहे, असं जाणकार म्हणतात. जाणकारांचं म्हणणं ऐकून घ्यावं. उत्तर देत बसू नये.

खरी गंमत पुढे आहे. हा नियम कोण पाळतो, कोण नाही, हे बघायला कुणीही बसलेलं नाही. परवाना नाही, तपासनीस नाही, दंड नाही. पहिल्या दणक्याला किती पाकिटं सोडायची हे सर्वस्वी पाठवणाऱ्याच्या हातात आहे, आणि लिनक्सच्या सर्व्हरवर हा आकडा एका ओळीच्या आज्ञेनं बदलता येतो. जगातली एवढी मोठी व्यवस्था केवळ ‘इतरही पाळतील’ या भरवशावर चालली आहे. आणि असा भरवसा दिसला की त्यातून आपल्याला काय काढता येईल हे ज्याला सुचत नाही, त्याला आमच्याकडे व्यवहारी म्हणत नाहीत.

आकडा हळूहळू चढत गेला. १९९९ मध्ये दोन पाकिटांची मुभा मिळाली, २००२ मध्ये तीन-चारची. मग गूगलचे लोक आले. नंदिता दुक्कीपाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दहाचा आग्रह धरला, पण धरला तो अत्यंत निराशाजनक पद्धतीनं: आधी मोजून. खऱ्या वापरकर्त्यांवर तपासून पाहिलं. उत्तर यायचा वेळ सरासरीनं दहा टक्क्यांच्या आसपास घटला, लांबच्या आणि उशिराच्या वाटांवर फायदा जास्त. जिथं लाइन बारीक आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडलेल्या, तिथं पाकिटं जास्त गळली. तेही त्यांनी स्वतःच लिहिलं. आपल्याच मालातली खोट आपणच छापायची ही कसली पद्धत? लिनक्सनं २०११ मध्ये दहाचा आकडा उचलला आणि मानक ठरवणाऱ्या मंडळींचा कागद निघाला २०१३ मध्ये. वरातीमागून आलेल्या त्या घोड्यावर आजही ‘प्रायोगिक’ असाच शिक्का आहे. म्हणजे गेली दहाहून अधिक वर्षं सगळं जग एका प्रयोगात सामील आहे, कुणाची सही न घेता.

दहावर थांबायचं कारण काय, हा प्रश्न साहजिकच पुढं आला. सामग्री पोचवणाऱ्या काही बड्या कंपन्या केव्हाच पुढं गेल्या. त्या निदान कुठल्या वाटेवर किती खपतं याचा हिशेब ठेवतात, एवढा कमीपणा त्यांच्यात आहे. आमच्या राजारामपुरीतल्या एका मित्रानं तोही ठेवलेला नाही.

मित्राचं मंगल कार्यालय आहे आणि कार्यालयाची वेबसाईट आहे. साईट उघडली की पहिल्यांदा एक फोटो येतो. पांढरेशुभ्र कपडे, जोडलेले हात, मागे कार्यालयाची कमान. फोटोतली व्यक्ती मित्राचे थोरले बंधू, ज्यांना सगळे साहेब म्हणतात. फोटो चार मेगाबाइटचा आहे. साईट हळू उघडते अशी तक्रार एका वधूपित्यानं केली आणि मित्रानं रातोरात इंटरनेटचा अभ्यास केला. सकाळी येऊन त्यानं सुरुवातीच्या खिडकीत दहाच्या जागी चाळीस टाकायला लावले.

“पयल्या दणक्यालाच चाळीस,” तो मला म्हणाला. “काय मर्दा, दहा-दहा काय लावलंय? भिकाऱ्याला वाढल्यासारखं!”

त्याच्याकडे नुकताच इंजिनिअर झालेला एक मुलगा कामाला आहे. त्यानं कागदावर मांडून दाखवलं. “दादा, सर्व्हर मुंबईत आहे. जाऊन-येऊन पंधरा मिलिसेकंद लागतात. दहाचे चाळीस केले की फार तर दोन फेऱ्या वाचतात, म्हणजे तीस मिलिसेकंद. दहा एमबीपीएसच्या लाइनवर साहेबांचा फोटो यायला तीन सेकंदांच्या वर जातात. आपण शंभरातला एक भाग वाचवला.”

“वाचला ना?”

“हो, पण फोटो दोनशे केबीचा केला तर तीन सेकंद वाचतील. दिसायला अगदी तसाच दिसेल.”

मित्रानं त्याच्याकडं असं बघितलं की मुलानं कागद घडी करून खिशात घातला. “साहेबांचा फोटो बारीक करायचा? ह्या कार्यालयात?”

अभियांत्रिकी महाविद्यालयात चार वर्षं घालवून हे शिकवलं जात नाही. शंभरातले नव्व्याण्णव भाग जिथं अडकले आहेत तिथं एक माणूस उभा असतो, हात जोडून. त्याला हलवता येत नाही. उरलेल्या एका भागावर मात्र वाटेल तेवढं संशोधन करायला आपण मोकळे असतो, आणि ते संशोधन दाखवायला छान असतं, कारण त्यात आकडे असतात. जगभरच्या वेबसाईटा याच तत्त्वावर चालतात. बातमीच्या चार परिच्छेदांभोवती जाहिरातींच्या चाळीस चिठ्ठ्या, आपोआप सुरू होणारा व्हिडीओ, कोपऱ्यात ‘सूचना हव्यात का’ म्हणून विचारणारी खिडकी. यांतलं काहीही काढायचं नाही, आणि मग पहिली फेरी वाचवायला रात्री जागवायच्या. मूळ दोष शाबूत ठेवून त्याच्या कडेची धूळ निष्ठेनं पुसत राहणं याला तपश्चर्या म्हणतात.

ब्राउझर बनवणाऱ्यांची थोरवीही सांगितली पाहिजे. एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त जोडण्या उघडू नयेत असं १९९० च्या दशकातल्या नियमांत सांगून ठेवलं होतं. ब्राउझरांनी ते मान देऊन वाचलं आणि सहा उघडल्या. आता सहा जोडण्या, प्रत्येकीचा पहिला दणका चाळीस: झाली दोनशे चाळीस पाकिटं, एकाच क्षणी, एकाच फोनच्या दिशेनं. राजारामपुरीतल्या फायबरला त्याचं काही वाटत नाही. पण समजा वधूपिता गगनबावड्याचा आहे. पाऊस लागलाय, टॉवरची एक कांडी येते-जाते, वेग मिळतोय सेकंदाला अडीचशे किलोबिट. ती दोनशे चाळीस पाकिटं त्या चिंचोळ्या वाटेतून जायला अकरा-बारा सेकंद लागतात. जी मावत नाहीत ती गळतात, ती पुन्हा पाठवावी लागतात, आणि त्यातलं शेवटचंच गळालं असेल तर नियमाप्रमाणे निदान एक सेकंद वाट पाहून मगच नवं निघतं. तीस मिलिसेकंद वाचवायला हे सगळं केलं, हे वधूपित्याला माहीत नसतं. त्याला वाटतं, आपला फोन जुना झाला. तो नवा घेतो. अर्थव्यवस्था पुढं जाते.

गळालेल्या पाकिटांची ही कटकट नको म्हणून यंत्रं बनवणाऱ्यांनी एक मोकळ्या मनाचा उपाय काढला: यार्ड मोठं करायचं. मेमरी स्वस्त झाली, राऊटरच्या पोटात जागा वाढली, एकही गाडी परत पाठवायची नाही, येईल ती आत घ्यायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय शिस्त आहे, एकही खेप वाया नाही. आत उभ्या असलेल्याला गव्हाण दिसेपर्यंत दिवस मावळतो. आणि पाठवणारा तर खुशीतच असतो, कारण पाकीट गळालं तरच त्याला कळणार की वाट भरली; इथं काही गळतच नाही, म्हणून तो आणखी सोडतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या सुजेला ‘बफरब्लोट’ असं नाव देऊन विनाकारण बदनाम केलं. अनंत चतुर्दशीच्या रात्री महाद्वार रोडवरच्या मिरवणुकीचा व्हिडीओ घरातला धाकटा जेव्हा वर चढवत असतो, आणि त्याच वायफायवर आजी पुण्याच्या नातवाशी बोलत असतात, तेव्हा “हॅलो, ऐकू येतंय का, तू दिसतोयस पण हलत नाहीस” हे जे संवाद होतात, ते या उदारपणाचं फळ. नातू तीन सेकंदांपूर्वीचा दिसतो. तोवर आजीचं बोलणं संपलेलं असतं. कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही, कारण ते जमतच नाही.

दहावीच्या निकालाच्या दिवशी ही विद्या घराघरांत पोचलेली दिसते. दुपारचा एक वाजतो आणि कोल्हापूर विभागीय मंडळाच्या हद्दीतली सगळी घरं एकाच पानावर बोट ठेवतात. पान अर्धवट आलं, की रिफ्रेश. जोडणी जरा कुठं दहावरून वीसवर, विसावरून चाळिसावर चढत असते. रिफ्रेशनं बहुधा ती टाकून दिली जाते आणि नवी पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहते. जुन्या मागणीचं ओझं सर्व्हर अजून उचलतोच आहे, तोवर हे नवं येतं. मुलगा म्हणतो थांबूया, बाप म्हणतो दाब. काका दुसऱ्या फोनवरून दाबतात, मामा इचलकरंजीहून. १९८६ साली ज्या कामाला यंत्रं लागत होती, ते आता नातेवाईक करतात.

आणि प्लॅन. त्याबद्दल लिहिलं नाही तर हे माहात्म्य अपुरं राहील. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या माणसानं अमेरिकेतल्या सर्व्हरवरचं एखादं पान मागितलं, जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंद धरले, तर शंभर एमबीपीएसची ती वाट पूर्ण भरायला एका वेळी सतराशेच्या वर पाकिटं वाटेत असावी लागतात. दहापासून दुपटी करत तिथं पोचायला आठ पायऱ्या, म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश सेकंद. तोवर साडेतीन मेगाबाइटच्या वर माल येऊन गेलेला असतो. साधं पान त्याआधीच संपतं. म्हणजे ज्या वेगाचे पैसे भरले, त्या वेगाची गाठच पडत नाही. यावर उपाय म्हणून लोक तीनशेचा प्लॅन घेतात. त्याला दहा पायऱ्या चढाव्या लागतात, पहिल्या आठ अगदी त्याच. मग स्पीड टेस्ट लावून स्क्रीनशॉट कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. ती टेस्ट अनेक जोडण्या एकदम उघडून मोठाला माल ओढत राहते, त्यामुळे तिथं तीनशे दिसतात. जिथं दिसतात तिथंच बघायचे, हा साधा विवेक आहे.

सरकारी यंत्रणेनं या विषयातला सर्वांत निखळ प्रयोग इथंच करून दाखवला होता. जून २०२३ मध्ये शहरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद ठेवण्यात आलं. सुरुवातीची खिडकी शून्य. एकही पाकीट गळालं नाही, कुठंही रांग लागली नाही, कोंडी नावालाही नव्हती. जेकबसन यांना सगळं आयुष्य घालून हे साधलं नसतं. सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा साठलेले फॉरवर्ड एकदम कसे आले असतील, ते प्रत्येकानं आपापल्या फोनला विचारावं.

असो. राजारामपुरीकडे परत येतो, कारण तिथलं काम पुढं गेलेलं आहे. मित्राची साईट ज्या सर्व्हरवर आहे त्याच यंत्रावर गावातल्या आणखीही बऱ्याच साईटा आहेत: एक दागिन्यांचं दुकान, दोन क्लासेस, एक पतसंस्था, आणि पलीकडच्या गल्लीतलं दुसरं मंगल कार्यालय. यंत्रातून बाहेर पडायची तार एकच. चाळीसची बातमी फुटली. क्लासवाल्यांनी साठ टाकायला सांगितले, कारण त्यांच्याकडे निकालाच्या दिवशी गर्दी असते. पतसंस्थेनं संचालक मंडळाची सभा घेऊन पन्नासला मंजुरी दिली. एका सदस्यानं, खिडकीतून पैसे जातात का, अशी रास्त शंका विचारली. आता सगळ्यांच्याच साईटा थोड्या अडखळून उघडतात, आणि सगळ्यांचं एकमत आहे की आकडा कमी पडतोय. इंजिनिअर मुलानं सगळ्यांनी मिळून दहावर यायची सूचना केली. आधी कोण येणार, यावर ती बैठक तिथंच संपली.

तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू होतील. त्याआधी शंभरचा आकडा टाकायचा मित्राचा बेत पक्का होता. काल त्याचा फोन आला, आवाज येत होता-जात होता. पलीकडच्या गल्लीतल्या कार्यालयानं दीडशे टाकलेत म्हणे. आणि तिथल्या साहेबांचा फोटो सहा मेगाबाइटचा आहे.